अध्यक्षाबाई

‘अध्यक्षा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, सांगा बरं! स्टेजवरची मधली खुर्ची, शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ असं म्हणून केलेलं पाऊण तासाचं भाषण. आमच्या महिला मंडळात तर अध्यक्षा निवडायची वेळ आली की कुणीतरी हळूच विचारतंच, “त्यांचे मिस्टर काय करतात?” मिस्टर डॉक्टर असले, वकील असले, नगरसेवक असले की काम झालं. बाईंना काय येतं, काय जमतं, हा प्रश्न नंतरचा. कधीकधी तो येतच नाही.

म्हणूनच मला पुण्याच्या एका अध्यक्षाबाईंबद्दल लिहायचंय. त्यांचे ‘मिस्टर’ तर भलतेच मोठे होते. हायकोर्टाचे न्यायमूर्ती, अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले महादेव गोविंद रानडे. तेव्हा रमाबाई रानड्यांना अध्यक्षपदाची खुर्ची मिळाली ती नवऱ्याच्या नावामुळे, असं कुणी म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. पण खुर्ची मिळाली तेव्हा न्यायमूर्ती हयात नव्हते. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. आणि पुढची पंधरा वर्षं त्या खुर्चीवर बसून रमाबाईंनी जे काही केलं, ते नुसत्या नावावर होण्यासारखं नव्हतं.

गंमत अशी की आपल्याला रमाबाई माहीत असतात त्या लहानपणच्या. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागली, तेव्हा घराघरांत ती छोटी रमा जाऊन पोचली. परकरातली, पाटी घेऊन बसलेली. रमाबाईंनी स्वतः लिहिलेलं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आलं. ते ज्यांनी वाचलंय त्यांनाही आठवते ती रानड्यांच्या घरातली सोशिक, शिकणारी पत्नी. कारण पुस्तक १९०१ साली, न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबतं. त्यानंतर रमाबाई आणखी २३ वर्षं जगल्या. त्या वर्षांवर त्यांनी असं पुस्तक लिहिलं नाही. ‘माझी संस्था, माझं कार्य’ असं काही नाही. नवऱ्याबद्दल भरभरून लिहिणारी बाई स्वतःच्या कामाबद्दल गप्प! आपल्याकडच्या किती बायकांचं असंच असतं, नाही का?

पण आधी थोडं मागे जायला हवं. कारण अध्यक्षाबाई कशा घडल्या याचं उत्तर त्या पाटीपाशी आणि माजघरापाशीच आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. माहेर कुर्लेकरांचं, देवराष्ट्र्याचं. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमेचं लग्न एकतीस वर्षांच्या रानड्यांशी झालं. रानड्यांची पहिली पत्नी वारली होती. ते स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, त्यामुळे ते विधवेशी लग्न करतील असं सुधारकांना वाटत होतं. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी त्यांना नावं ठेवली, आणि ठेवायला जागाही होती. मुलीला अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने पाटी आणली आणि शिकवायला सुरवात केली. मग मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या एक शिक्षिका घरी येऊन शिकवू लागल्या. म्हणजे ज्या बाईने पुढे शिक्षिका तयार करणारं कॉलेज चालवलं, ती स्वतः कुठल्या शाळेच्या बाकावर बसून शिकलीच नव्हती.

नवरा शिकवत होता, पण घरातल्या बाकीच्या बायकांना ते खपत नव्हतं. ‘आठवणी’ वाचताना सगळ्यांत अंगावर येतो तो हा भाग. इंग्रजी वर्तमानपत्राचा एक तुकडा हाती आला आणि ही मुलगी हातातलं काम थांबवून तो वाचत राहिली, एवढ्यावरून काय बोलणी खाल्ली तिने! सभेला गेली, खुर्चीवर बसली, इंग्रजी वाचलं, प्रत्येक वेळी टोमणे आणि अबोला. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल काढायचं ठरत होतं. आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो तीच ही शाळा. त्यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसाहेबांपुढे बावीस वर्षांच्या रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. पुण्यात केवढी गोष्ट ही! पण घरी आल्यावर कौतुक राहिलंच, वडीलधाऱ्या बायकांची बोलणी तेवढी ऐकावी लागली.

हे सगळं रमाबाईंनी उलट उत्तर न देता सोसलं. आजच्या मुलींना हे वाचून राग येईल. मलाही येतो. वाटतं, एकदा तरी ताडकन बोलायचं होतं! पण पुढे मला वेगळंच दिसलं. शिकणाऱ्या बाईवर घरात नेमकं काय काय बेततं, कोण काय बोलतं, कुठला शब्द कुठे लागतो, याची इतकी बारीक माहिती दुसऱ्या कुठल्या अध्यक्षाला असणार होती? भाषणं करणाऱ्या पुरुषांना तर नक्कीच नव्हती.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या आत. मूलबाळ नाही. त्या मुंबईहून पुण्याच्या घरी आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्याच नाहीत. त्या काळच्या विधवेचं आयुष्य तिथेच संपायचं. पोथी, माळ, देवघर. घर पैशाअडक्याने बरं असलं तर तेवढं बरं, इतकंच.

रमाबाई बाहेर पडल्या त्या हळूहळू. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात जाऊ लागल्या. त्या कैदी बायकांशी बोलायचं, त्यांना चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवायच्या. दवाखान्यात रोग्यांना भेटायला जायचं. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. १९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी बायकांसाठी ‘सेवासदन’ ही संस्था काढायची ठरवली आणि अध्यक्षपदासाठी ते रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, पुण्यात सेवासदनाचं काम सुरू झालं. जागा कुठली? रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यातली! वय वर्षं ४७. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलांची लग्नं करून मोकळं व्हायचं वय.

आता जरा थांबा. ‘पुण्यात बायकांसाठी संस्था काढली’ हे आपण एका ओळीत वाचून पुढे जातो. पण त्या वेळच्या पुण्यात ते किती कठीण होतं हे कळायला आणखी एक गोष्ट माहीत हवी.

सोळा वर्षांपूर्वी पुण्यात एक मोठं वादळ होऊन गेलं होतं. पंडिता रमाबाई (नावाचा घोटाळा करू नका हं, या वेगळ्या) यांनी विधवा मुलींसाठी ‘शारदासदन’ काढलं होतं. आधी मुंबईत, मग १८९० पासून पुण्यात. पंडिताबाई ख्रिस्ती झालेल्या. शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत असा गवगवा झाला, वर्तमानपत्रांतून रान उठलं. १८९३ साली स्वतः न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. कुणाचं चूक, कुणाचं बरोबर, यावर आजही वाद घालता येईल. पण पुण्यातल्या आईबापांच्या मनात एक भीती कायमची बसली. मुलगी संस्थेत घातली की हातची गेली!

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली, पण आश्रमाची झोपडी १९०० साली उभी राहिली ती गावाबाहेर, हिंगण्याला. तेव्हा तिथे सगळं रान. विधवेशी लग्न केलेल्या माणसाची संस्था भर पेठेत चालणं अवघडच होतं.

आणि रमाबाईंनी काय केलं? भर पेठेत, आपल्या राहत्या वाड्यात वर्ग सुरू केले. शिवण, प्रथमोपचार, लिहिणं-वाचणं. शाळेचं वय उलटून गेलेल्या, लग्न झालेल्या, विधवा झालेल्या बायकांना घरचं आवरून येता येईल अशी सोय. ‘संस्थेत जाते’ असं म्हणायचीसुद्धा गरज नाही. ‘रानड्यांच्या वहिनींकडे जाऊन येते’ म्हटलं की झालं. सासू नको म्हणेल तरी किती? रानड्यांच्या वाड्यात सोवळंओवळं पाळलं जातं, सणवार होतात, बाई स्वतः देवधर्म करतात, कुणाशी वावगं बोलत नाहीत, हे सगळ्या पेठेला ठाऊक. माझ्या मते रमाबाईंचं सगळ्यांत मोठं भांडवल हेच होतं. पैसा आणि नाव होतंच, पण त्याहून जास्त म्हणजे आया आणि सासवा ज्यांच्या भरवशावर सुना-लेकींना पाठवतील अशी बाई पुण्यात तेव्हा दुसरी सापडली नसती.

जहाल सुधारकांना हे गुळमुळीत वाटायचं. रूढी पाळून रूढी मोडायच्या हे काय? टीका अगदी गैर नव्हती. सुरवातीला सेवासदनात आलेल्या बायका मुख्यतः पांढरपेशा घरांतल्या होत्या. याच पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ सालीच मुलींची शाळा काढली होती. ज्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं अशा जातींतल्या मुलींनाही त्यांनी शिकवलं आणि त्यासाठी शेणगोटे अंगावर घेतले. त्या धैर्याशी रमाबाईंची तुलना करू नये. रमाबाईंचं काम वेगळ्या जातीचं. ज्या घरांनी शेण मारलं असतं, त्याच घरांतल्या बायकांना दार उघडून बाहेर आणायचं काम.

एकट्याने संस्था चालत नाही, हे तुमच्या-माझ्यासारख्या भिशी चालवणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको! रमाबाईंना जोडीदार मिळाला तो गोपाळ कृष्ण देवधरांचा. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य, रमाबाईंपेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान. सेवासदनाचे चिटणीस म्हणून त्यांनी हिशेब, वर्गण्या, सरकारदरबार, पत्रव्यवहार हे सगळं अंगावर घेतलं. कुणी म्हणेल, मग खरं काम देवधरांनीच केलं की! मला तसं वाटत नाही. देवधर कितीही कष्टाळू असले तरी त्यांना कुणाच्या माजघरात जाऊन ‘तुमच्या सुनेला माझ्याकडे पाठवा’ असं म्हणता येत नव्हतं. ते एका बाईनेच करायचं, आणि तेही जिच्या शब्दाला वजन आहे अशा बाईने. कोण काय करू शकतं हे ओळखून दोघांनी कामं वाटून घेतली आणि मग पंधरा वर्षं एकमेकांच्या कामात पाय अडकवला नाही. हे वाचायला सोपं वाटतं. कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीत एकदा बसून बघा, म्हणजे कळेल!

१९१५ साली पुणे सेवासदनाची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. तोवर बायकांसाठी ट्रेनिंग कॉलेज, म्हणजे शिक्षिका तयार करायचं काम, उभं राहत होतं. हे कॉलेज म्हणजे साधी गोष्ट नाही. मुलींची शाळा काढायची तर शिक्षिका पाहिजेत. पुरुष मास्तरांपुढे वयात आलेली मुलगी बसवायला घरचे तयार नसत. शिक्षिका नाहीत म्हणून मुली शिकत नाहीत, आणि मुली शिकत नाहीत म्हणून शिक्षिका नाहीत. हे चक्र तोडायला आधी मोठ्या वयाच्या बायकांनाच शिकवणं भाग होतं. त्यातल्या कितीतरी विधवा. ज्या बाईला घरात ‘खायला काळ’ म्हणायचे, ती पगार मिळवणारी बाई होऊन गावोगावच्या शाळांवर जाऊ लागली. आपल्या आजीच्या, पणजीच्या वेळी गावात ज्या ‘बाई’ होत्या, नऊवारीतल्या, हातात छत्री घेऊन शाळेत जाणाऱ्या, त्यांची परंपरा अशाच ट्रेनिंग कॉलेजांतून आली.

शिक्षिका होणं त्यातल्या त्यात बरं. खरी परीक्षा होती ती नर्सिंगची.

विचार करा, १९१० च्या आसपासचं पुणं. परक्याच्या, त्यातही परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा. कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र, रक्त पुसायचं. रात्रपाळी करायची. सोवळ्यातल्या घरची बाई हे करेल? त्या काळी नर्स म्हणजे बहुतेक ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन बायका. हिंदू घरांत नर्सिंगचं नावही कुणी काढत नसे. सेवासदनाने नेमकं तिथेच हात घातला. ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुली पाठवायला सुरवात केली आणि त्यांच्यासाठी वेगळं वसतिगृह काढलं. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींसाठी आणखी एक वसतिगृह. मिळून तीन वसतिगृहं झाली.

या वसतिगृहांचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्यापैकी कितीजणींनी मुलीला बारावीनंतर पुण्याला ठेवलंय! फी किती, मेरिट लिस्ट काय, हे प्रश्न नंतर येतात. पहिला प्रश्न ‘हॉस्टेल कसं आहे, रेक्टर कोण आहे?’ हाच. शंभर वर्षांपूर्वी तर हा प्रश्न याच्या दसपट मोठा होता. आणि त्याचं उत्तर ‘रमाबाई रानडे आहेत’ हे होतं.

आमच्या आजोळी शेजारी एक काकू राहायच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. गावात कुणाच्याही घरी बाळंतपण अडलं की रात्री दोन वाजता त्यांचं दार वाजायचं. “सिस्टर, चला हो लवकर!” त्या तशाच पातळाचा पदर खोचून निघायच्या. आणि त्याच घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नसायचं. मी आजीला विचारलं होतं, का गं? आजी म्हणाली, “त्यांना कुठे वेळ असतो!” मी लहान होते तरी मला ते उत्तर पटलं नव्हतं. हे १९७० च्या सुमाराचं. त्याआधी साठ वर्षं रमाबाई घराघरांतून मुली मागत होत्या!

आणि आजचं काय वेगळं आहे? बार्शीच्या माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. मार्क चांगले, मुलगी हुशार, कामसू. मैत्रीण मला फोनवर म्हणाली, “जाऊ दे गं, पण पुढे स्थळ बघताना काय सांगायचं?” २०२० साली करोनात आपण बाल्कनीत उभं राहून यांच्यासाठीच टाळ्या-थाळ्या वाजवल्या ना? त्याच दिवसांत काही शहरांत घरमालकांनी नर्सेसना खोल्या खाली करायला सांगितल्या, हेही आपण पेपरात वाचलं. ती मुलगी गेली नर्सिंगला, बरं का. आता नोकरी करते. स्थळाचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

पुन्हा सेवासदनाकडे येऊ. एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सेवासदनाचा वार्षिक समारंभ होता. बक्षीस वाटप चाललेलं. एका विधवा विद्यार्थिनीचं नाव पुकारलं गेलं. केशवपन केलेली, डोक्यावरून पदर घेतलेली ती बाई बक्षीस घ्यायला स्टेजवर आली. गॅलरीत कॉलेजची मुलं बसली होती. त्यांनी हुर्यो उडवायला, टर उडवायला सुरवात केली. त्या बाईला किती मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल! आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत कौतुक व्हायची वेळ, आणि हे.

कार्यक्रम संपत आला तेव्हा अध्यक्षाबाई उठल्या. आयुष्यभर कुणाला उलट न बोललेल्या या बाई त्या दिवशी त्या पोरांवर कडाडल्या. तुम्ही कॉलेजात शिकता, तुम्हाला सुशिक्षित तरी कसं म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. तुमच्या प्रत्येकाच्या घरी एखादी विधवा बहीण असेल, चुलतबहीण असेल, आईसुद्धा असेल. तिची आठवण ठेवली असती तर तुम्ही असे वागला नसता, असं त्यांनी सुनावलं. सभा चिडीचूप झाली.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या घरातल्या टोमण्यांची आठवण झाली. स्वतःला बोललेलं त्यांनी पोटात घातलं होतं. संस्थेतल्या मुलीला कुणी बोललेलं मात्र त्यांनी क्षणभरही खपवून घेतलं नाही. आणि सुनावलं ते कुणाला, तर शिकलेल्या, पुढे वकील-मामलेदार होणाऱ्या, चांगल्या घरच्या मुलांना. उद्या यांचेच वडील वर्गणी देणार आहेत, असा विचार एखाद्या अध्यक्षाच्या मनात सहज आला असता.

शेवटच्या काही वर्षांत तर रमाबाई रस्त्यावरही उतरल्या. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न होता. पैसा पुरत नाही, तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करू, मुलींचं पुढे बघू, असं म्हणणारे पुष्कळ होते. आणि त्यात नावाजलेले पुढारीही होते. ‘मुलींचं पुढे बघू’ हे वाक्य आपण सगळ्यांनी आपापल्या घरी ऐकलेलं आहे! मुलींनाही सक्ती हवी म्हणून पुण्यात बायकांनी चळवळ केली, मोर्चा काढला आणि त्यात रमाबाई पुढे होत्या. साठीला आलेली विधवा बाई, पुण्याच्या रस्त्यावर मोर्चात! मग १९२१-२२ साली मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही त्या होत्या. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून आपण सेल्फी काढतो, त्यामागे अशा किती बायका उभ्या आहेत.

१९२४ साली रमाबाई गेल्या तेव्हा सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत हजाराहून जास्त बायका-मुली शिकत होत्या. राहत्या वाड्यात सुरू झालेली संस्था पंधरा वर्षांत एवढी झाली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्यांच्यावर लिहिताना, सेवासदनाच्या तोडीची दुसरी संस्था हिंदुस्थानात नाही अशा अर्थाचं म्हटलं. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचं टपालाचं तिकीट काढलं.

देवधरांनी पुढे १९३५ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटापर्यंत, काम ओढलं. अध्यक्षाबाई गेल्यावर संस्था विस्कटली नाही, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे संस्थापक गेले की भाऊबंदकी सुरू होते आणि दोन वर्षांत फळकुटावरचं नाव तेवढं उरतं. सेवासदन पुण्यात अजून आहे. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत कधी गेलात तर चौकशी करा, कुणीही दाखवेल. सोलापूरच्या आणि नागपूरच्या मैत्रिणींना सेवासदन हे नाव नवीन नाही, त्यांच्यापैकी काहीजणी तर त्याच नावाच्या शाळेत शिकलेल्या असतील.

‘आठवणी’ हे पुस्तक बहुतेक गावांच्या वाचनालयात असतं. नसलं तर मागवायला सांगा. जुन्या वळणाचं मराठी आहे, पण दोन-चार पानांनंतर सवय होते. बार्शीच्या मैत्रिणीला मी ते पाठवलं होतं. चार दिवसांत तिचा फोन आला, जरा चिडूनच. “अगं, हे तर १९०१ ला संपतंय! यांनी संस्था काढली, कॉलेज काढलं, ते कुठाय?” मी म्हटलं, ते त्यांनी लिहिलंच नाही. “का पण?” तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. वेळ झाला नसावा, असं मी म्हणाले.